रोल्सचं बोनेट उघडल्यावर : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एका प्रदर्शनात पाहिलेल्या रोल्स-रॉईस फँटमबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. ‘दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ही गाडी आतून पार बदलली, बाहेरचा रेडिएटर तेवढा तोच राहिला’, असं एक वाक्य त्यात होतं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की ट्रॅक्टरच्या क्लचचे प्रश्न या महिन्यात बाजूला ठेवावे लागले. शेतकरी मंडळींनी रागावू नये.

आधीच सांगतो, मी रोल्सचा मिस्त्री नव्हे. आयटीआयमध्ये तीस वर्षं पोरांना इंजिन खोलायला आणि (त्याहून अवघड म्हणजे) परत जोडायला शिकवलं. निवृत्तीनंतर एका संग्राहकाच्या शेडमध्ये आठवड्यातून दोन दिवस हात काळे करतो. तेवढ्या अधिकारावर ही उत्तरं.

प्रश्न : सिल्व्हर घोस्ट एवढी नावाजलेली होती, तर १९२५ मध्ये तिच्या जागी फँटम आणायचं कारण काय? ताकद किती वाढली? (नाशिक)

ताकद किती, हे कंपनी सांगतच नसे. तेव्हा अश्वशक्तीचा आकडा सोडा, इंजिनच बघू.

घोस्ट ही रोल्सचीच, फँटमच्या आधीची गाडी. तिचं इंजिन साइड व्हॉल्व्हचं. म्हणजे व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा) सिलिंडरच्या शेजारी, तोंड वर करून बसलेले. त्यामुळे वर हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या झाकणात, पेट्रोलची वाफ जिथे पेटते ती जागा लांबट, एका बाजूला ओसरी काढल्यासारखी होते. ठिणगी पडते एकीकडे आणि ज्वाळेला बोळातून वाट काढत पिस्टनच्या डोक्यावर यावं लागतं. वाटेत भिंती उष्णता खातात. दाब वाढवायला जावं, तर लांबच्या कोपऱ्यातलं मिश्रण आपल्या मनानं पेटतं आणि इंजिन ठोके मारायला लागतं. १९०६ साली हे चालून गेलं. युद्धानंतर विमानाच्या इंजिनांनी सगळ्यांचे डोळे उघडले होते. १९१९ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात हिस्पानो-सुइझा या कंपनीनं एच-६ ही गाडी मांडली. तिचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) थेट डोक्यावर होता. तिच्यापुढे घोस्ट म्हातारी दिसू लागली.

१९२५ च्या मे महिन्यात आलेल्या ‘न्यू फँटम’मध्ये व्हॉल्व्ह वर गेले, हेडमध्ये, उलटे टांगलेले. खालच्या कॅमशाफ्टवरून पुशरॉड आणि रॉकर त्यांना हलवतात. तीन-तीन सिलिंडरचे दोन ब्लॉक घोस्टसारखेच राहिले, पण दोन्हींवर मिळून एकच सुटं हेड आलं. ते आधी बिडाचं होतं, १९२८ पासून अ‍ॅल्युमिनियमचं. अ‍ॅल्युमिनियम उष्णता लवकर ओढून घेतं, म्हणून दाब थोडा वाढवला तरी चालतो. (त्या अ‍ॅल्युमिनियमची दुसरी बाजू शेवटच्या पत्रात आहे.)

आता एक गंमत, जी वर्गात मी मुलांना फळ्यावर करायला लावायचो. घोस्टचा सिलिंडर ११४ मिलिमीटर रुंद आणि पिस्टनचा पल्ला साधारण १२१. फँटमचा सिलिंडर १०८ रुंद आणि पल्ला जवळजवळ १४०. इंजिन ७४२८ सीसीवरून ७६६८ वर गेलं, पण सिलिंडर अरुंद झाला! मोठं इंजिन हवं, तर सिलिंडर रुंद करावा, त्यात व्हॉल्व्हही मोठे बसतात. मग हे उलटं का? मुलं डोकं खाजवायची. उत्तर इंजिनात नाही, ब्रिटिश सरकारच्या करखात्यात आहे. १९२१ पासून तिथे गाडीवर वर्षाला दर अश्वशक्तीमागे एक पौंड कर होता, आणि ही अश्वशक्ती मोजायची सूत्रानं : सिलिंडरची इंचातली रुंदी, तिचा वर्ग, गुणिले सिलिंडरची संख्या, भागिले अडीच. पिस्टनचा पल्ला त्या सूत्रात नाहीच. घोस्ट ४८.६ भरते, फँटम ४३.३. इंजिन वाढलं आणि कर घटला. एवढी महाग गाडी घेणाऱ्याला पाच पौंडांचं काय, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणायचो. पण या सूत्रानं सगळ्या इंग्लंडच्या इंजिनांना उंच आणि किडकिडीत करून ठेवलं, हे मात्र खरं.

बाकी १९२५ च्या फँटमची चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, घोस्टचीच होती. नवं इंजिन जुन्या घरात. कारखान्यात या इंजिनाचं काम चालू असताना त्याला ‘ईस्टर्न आर्मर्ड कार’ असं खोटं नाव दिलं होतं, आणि कुणाला संशय येऊ नये म्हणून चिलखती पत्र्याचे तुकडे इकडेतिकडे ठेवले होते म्हणतात.

प्रश्न : १९०८ च्या मुंबई-कोल्हापूर चाचणीत रोल्सनं सगळे घाट पार केले, असं आजोबा सांगत. तेव्हा पुढच्या चाकांना ब्रेक नव्हते हे खरं का? मग उतरली कशी? (कोल्हापूर)

गावकऱ्याचा प्रश्न, तेव्हा जरा सविस्तर.

आजोबा खरं सांगत होते. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची ती सिल्व्हर घोस्ट घाट चढून-उतरून आली आणि पुढे ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतली. आणि हो, पुढच्या चाकांना ब्रेक नव्हते. उतरली ती खालच्या गिअरमध्ये, इंजिनाला धरून. आजही घाटात ‘न्यूट्रल मारू नये’ असं लिहिलेलं असतं, ते याचसाठी.

पण सपाट रस्त्यावर, वेगात, समोर अचानक बैलगाडी आली तर? ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं. बसमध्ये उभं राहून प्रवास करणाऱ्याला हे सांगायला नको. वजन पुढे गेलं की मागची चाकं हलकी होतात, आणि ब्रेक तर त्यांनाच. ती जागीच थांबतात, घसरतात आणि गाडीचं बूड बाजूला फिरतं. सायकलच्या फक्त मागच्या ब्रेकवर उतारावरून येऊन बघा. (नको, बघू नका.) दोन-अडीच टनांच्या गाडीत हा खेळ परवडत नाही. म्हणून माझं मत असं, की या वीस वर्षांतली पहिली खरी सुधारणा फँटमचं इंजिन नव्हे. ती १९२४ ची, घोस्टच्या अगदी शेवटच्या दिवसांतली : चार चाकांना ब्रेक आणि सोबत सर्व्हो.

चार चाकांना ब्रेक लावायचे, तर पाय कमी पडतो. आज इंजिनाच्या निर्वातावर चालणारा बूस्टर आपल्या मारुतीतही असतो. तेव्हाची युक्ती वेगळी आणि मला विचाराल तर जास्त देखणी. गिअरबॉक्सच्या बाजूला क्लचसारखी एक लहान तबकडी. गाडी चालू असली की ती गिअरबॉक्सवरून संथ फिरत राहते. तुम्ही पॅडल दाबलं, की एक दुसरी तबकडी हिच्यावर हलकेच दाबली जाते. घर्षणानं तीही हिच्याबरोबर फिरू पाहते, पण तिला जोडलेल्या असतात ब्रेकच्या सळ्या. ती फिरू पाहते म्हणून सळ्या ओढल्या जातात. म्हणजे गाडी स्वतःच्याच वेगानं स्वतःचे ब्रेक ओढते. पाय फक्त इशारा देतो. जोरात दाबलं तर जोरात, हलकं दाबलं तर हलकं.

शेडमध्ये अशी एक यंत्रणा मी टेबलावर मांडून हातानं फिरवून पाहिली आहे. एका हातानं दांडा फिरवायचा, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं पॅडलचा लिव्हर दाबायचा. अंगठ्याला काहीच लागत नाही आणि पलीकडची सळी, जी दोन्ही हातांनी ओढून हलत नव्हती, ती सरसर येते. दांडा थांबवला की तिचा जोर संपला. यातच तिची खोड आहे : गाडी उभी असेल तर मदत शून्य, आणि अगदी रांगत्या वेगात मदत यायला निमिषभर उशीर. म्हणून पॅडलचा थोडा ओढा सर्व्होला वगळून थेट मागच्या ब्रेकला ठेवलेला असतो. या कंपनीनं ही यंत्रणा सिल्व्हर क्लाउडपर्यंत, म्हणजे १९६५ पर्यंत सोडली नाही.

आणि ती त्यांची नव्हे! मूळ हिस्पानो-सुइझाची, मार्क बिर्किट या स्विस इंजिनिअरची. रोल्सनं परवाना घेऊन, पैसे मोजून ती वापरली. याच ओघात पुढचं पत्र.

प्रश्न : मग हेन्री रॉईस संशोधक होता की नाही? आमच्या पुस्तकात ‘थोर संशोधक’ लिहिलं आहे. (विद्यार्थिनी, पुणे)

परीक्षेत पुस्तकातलं लिही, मार्क जातील नाहीतर.

माझ्या मते तो शोधणाऱ्यांपेक्षा घासणाऱ्यांतला होता. दुसऱ्याची कल्पना घ्यायची आणि ती खडखडत नाही, झिजत नाही, आवाज करत नाही, इथपर्यंत नेऊन ठेवायची. १९११ मध्ये तो फार आजारी पडला. त्यानंतर डर्बीच्या कारखान्यापासून त्याला दूरच ठेवलं. १९१७ पासून तो ससेक्समध्ये वेस्ट विटरिंग या समुद्रकाठच्या गावी राहायचा, हिवाळ्यात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर. हाताशी मोजके ड्राफ्ट्समन. तिथून आराखडे डर्बीला जायचे. डर्बीत अर्नेस्ट हाइव्हजच्या देखरेखीखाली प्रायोगिक विभाग होता. ते लोक गाड्या बनवून फ्रान्समध्ये शातोरूला नेऊन, तिथल्या लांब रस्त्यांवर मोडेपर्यंत पळवायचे. काय मोडलं ते परत वेस्ट विटरिंगला कळवायचं. हे टपालानं चाललेलं गॅरेज १९३३ पर्यंत, रॉईस जाईपर्यंत, चालू होतं.

प्रश्न : आज फँटम-२ ची किंमत काय असेल? (ठाणे)

हे सदर यंत्रांचं आहे.

प्रश्न : अशा गाडीत बसलं की पोटातलं पाणी हलत नाही म्हणतात. ते पाट्यांमुळे की वजनामुळे? (सोलापूर)

दोन्ही थोडं थोडं. पण वरच्या ब्रेकच्या उत्तराशी याचा संबंध आहे, तो बघा.

पुढच्या चाकांना ब्रेक आले. ड्रम, बूट, सळ्या असं सगळं ओझं पुढच्या आसावर, तेही पाट्यांच्या खाली. त्याच सुमारास कमी हवेचे फुगीर बलून टायर आले. रस्त्याचे बारीक दणके गेले आणि नवीनच रोग आला : विशिष्ट वेगाला पुढची चाकं आपोआप डावी-उजवी थरथरायला लागायची. आपले ड्रायव्हर ज्याला ‘वॉबलिंग’ म्हणतात, तेच. कारण असं, की आस एकसंध. डावं चाक खड्ड्यावरून उचललं गेलं की उजवंही कलतं. आणि फिरतं चाक कललं की ते वळू पाहतं. भोवरा तिरका झाल्यावर कसा गोल हिंडतो, तसंच. वळलं की परत कलतं, कललं की परत वळतं. ब्रेकच्या ओझ्यानं हा झोका आणखी लांबतो. म्हणजे एक दुखणं बरं करताना दुसरं ओढवून घेतलं. माझ्या अनुभवात यंत्रात सुट्या भागाची सुधारणा अशी नसतेच. एकाला हात लावला की शेजारचा हाक मारतो.

१९२९ च्या फँटम-२ मध्ये चेसिस नवी आली. घोस्टपासून चालत आलेले मागचे कॅन्टिलिव्हर पाटे गेले, अर्धलंबगोल पाटे आले. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच गठ्ठ्यात, हेडमध्ये एका बाजूनं हवा आत आणि दुसऱ्या बाजूनं धूर बाहेर. गाडी बुटकी झाली. वंगणाचीही एक झकास सोय झाली. आधी ड्रायव्हरला गाडीखाली लोळून एकेका सांध्याला तेल-ग्रीस द्यावं लागे. आता पायापाशी एक पॅडल. ते दाबलं की बारीक नळ्यांतून सगळ्या चेसिसला थेंब-थेंब तेल. यामागची बायजर पद्धत अमेरिकन. (नळीचं एखादं तोंड चोंदलं तर तो सांधा बिचारा कोरडा राहतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. जुन्या गाडीत मी आधी तेच बघतो.) पण पुढची आस एकसंधच राहिली.

ती सुटली अमेरिकेत. मॉरिस ओली हा रॉईसच्या हाताखाली काम केलेला इंग्रज इंजिनिअर. रोल्सचा अमेरिकेतही एक कारखाना होता, मॅसॅच्युसेट्समध्ये स्प्रिंगफील्डला. तिथे हा असायचा. डर्बीचे लोक गाडी छताला टांगून तिचा झोका मोजायचे, उंचवटे बसवलेल्या फिरत्या ड्रमवर गाडी उभी करून तिला दणके द्यायचे. हे सगळं त्याला ठाऊक. १९३० मध्ये तो जनरल मोटर्सच्या कॅडिलॅककडे गेला आणि ही विद्या बरोबर घेऊन गेला. १९३२ मध्ये त्यानं एक विचित्र गाडी केली : पुढे-मागे वजनं सरकवता येतील अशी. वजनं हलवायची, पाटे बदलायचे, बसून बघायचं. त्यातून कळलं, की पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा मऊ हवी. तोवर नेमकं उलटं करत होते! पुढची चाकं खड्ड्यावर आधी जातात, मागची नंतर. पुढचा झोका संथ ठेवला तर मागचा त्याला गाठतो आणि गाडी सपाट राहून वर-खाली होते. नाहीतर घोड्यासारखी डुलते आणि मागच्या सीटवरच्या माणसाला लिंबू लागतं. पण पुढची स्प्रिंग मऊ केली की एकसंध आस पुन्हा थरथरणार. म्हणून आस तोडायचीच, दोन्ही चाकं स्वतंत्र. १९३४ च्या कॅडिलॅकला ती मिळाली.

आणि १९३६ च्या फँटम-३ मध्ये रोल्सनं जनरल मोटर्सच्या त्याच धर्तीवर स्वतंत्र पुढची चाकं बसवली. स्प्रिंग आडव्या, तेलानं भरलेल्या पेटीत बंद. डर्बीचीच विद्या, अटलांटिक दोनदा ओलांडून घरी आली. तेव्हा सोलापूरकर, पोटातलं पाणी हलत नाही ते मऊ पुढच्या स्प्रिंगमुळे. वजन मदत करतं, पण रणगाड्याचंही वजन असतं.

प्रश्न : फँटम-३ चं बारा सिलिंडरचं इंजिन सर्वांत चांगलं की सर्वांत त्रासदायक? दोन्ही वाचलं आहे. (नागपूर)

दोन्ही बरोबर आहे.

सहा सिलिंडरमध्ये क्रँक १२० अंश फिरल्यावर पुढचा धक्का येतो, बारात ६० अंशांनी. धक्के इतके जवळ, की एकाची पाठ दुसऱ्याला लागते. पिस्टन लहान, पल्ला ११४ मिलिमीटर. मिनिटाला ३००० फेऱ्या धरा. जुन्या फँटमचा पिस्टन सरासरी सेकंदाला १४ मीटर धावतो, हा साडेअकरा. तेवढी झीज आणि हादरे कमी. व्ही आकारामुळे इंजिन आखूड, म्हणून गाडी लांबीला कमी आणि आत जागा जास्त. ७३३८ सीसी म्हणजे आधीपेक्षा लहानच. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, एकूण चोवीस. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, आत सुटे लायनर. विमानाच्या इंजिनांचा हात स्पष्ट दिसतो.

त्रास दिला हायड्रॉलिक टॅपेटनी. टॅपेट म्हणजे कॅमशाफ्टचा धक्का व्हॉल्व्हकडे नेणारा तुकडा. टॅपेटची फट तेलाच्या दाबानं आपोआप भरायची, म्हणजे टकटक नाही. कल्पना उत्तम. पण त्यातली तेलाची वाट केसासारखी बारीक, आणि त्या काळचं तेल साधं. घाण धरून ठेवणारी रसायनं त्यात नसत. गाळ तळाशी बसायचा, तिथून या वाटांत. एक टॅपेट अडकला की शांततेसाठी घेतलेली गाडी टकटकू लागायची. तेल वेळेवर बदलणाऱ्याकडे ती नीट चालली. १९३८ मध्ये कंपनीनं मुकाट्यानं साधे टॅपेट घातले. मला यात कमीपणा वाटत नाही. इंजिन तेलाच्या चार पावलं पुढे गेलं होतं, ते परत येऊन तेलाबरोबर चालू लागलं. त्याच वर्षी ओव्हरड्राइव्हचा (वेगात इंजिनाच्या फेऱ्या कमी ठेवणारा) गिअरबॉक्स आला, जर्मनीतल्या ऑटोबान या नव्या महामार्गांवर तासन्‌तास पळवणाऱ्यांसाठी.

प्रश्न : आमच्या वाड्यात आजोबांची १९३० च्या सुमाराची एक विलायती गाडी पडून आहे. अ‍ॅल्युमिनियमचं हेड निघत नाही. गावातला मिस्त्री छिन्नी मारू म्हणतो. (वाई)

मारू देऊ नका! ही चूक मी स्वतः केली आहे. गाडी कुणाची आणि कोणती ते राहू दे. अ‍ॅल्युमिनियमचं हेड, खाली बिडाचा ब्लॉक, मध्ये हेड आवळून धरणारे पोलादी स्टड आणि रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं विहिरीचं जड पाणी. दोन धातू आणि खारं पाणी म्हणजे बॅटरीच झाली. अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि पांढरी भुकटी स्टडभोवती इतकी घट्ट बसते, की हेड आणि स्टड एकजीव होतात. मी गॅस्केटच्या फटीत छिन्नी घालून दोन ठोके दिले. तिसऱ्याला ‘टक्’ असा कोरडा आवाज आला. तो आवाज अजून कानात आहे. पाण्याच्या वाटेपाशी हेडला बोटभर चीर. वेल्डिंग करून ते सरळ करायला चार महिने गेले.

तुम्ही असं करा. नट सगळे काढा. प्रत्येक स्टडच्या मुळाशी डिझेल आणि पातळ तेल सारखं मिसळून रोज सकाळी घाला, पंधरा दिवस. स्टडच्या माथ्यावर पितळी हातोडीनं हलके टिचके, जोर नको, कंप हवा. मग दोन नट एकमेकांवर आवळून एकेक स्टड फिरवायचा प्रयत्न करा. पाव फेरा गेला तरी त्या दिवसापुरतं पुरे. न फिरणारे स्टड किती राहतात, ते मोजून मला कळवा. स्प्रिंगचा, रेडिएटरचा, कशाचाही फोटो नको, फक्त हेडचा वरून एक फोटो पाठवा. आणि तोवर मिस्त्रीची छिन्नी कुलपात ठेवा.